इनडोअर क्लाइम्बिंग जिमची साखळी नाशिकला आली, तर काय अटी घालाव्यात?

कातळखूण
नमस्कार मंडळी,
बंगळुरू, दिल्ली, मुंबई, पुणे इथे गेल्या काही वर्षांत क्लाइम्बिंगच्या इनडोअर भिंती उभ्या राहिल्या. आधी एखादा हौशी गट एक भिंत बांधायचा आणि कशीबशी चालवायचा. आता एकच कंपनी दुसरी, तिसरी शाखा काढते आणि मग मध्यम शहरांकडे वळते. अंबड एमआयडीसीत माझ्या एका परिचितांची शेड रिकामी होते आहे. त्यांच्याकडे अशाच एका साखळीची विचारणा आली आहे. जागा यांची, भिंत आणि नाव कंपनीचं, नफ्यात वाटा. मी डोंगरात जातो म्हणून त्यांनी मला विचारलं, "हे नाशिकला चालेल का?"

माझं मत आधीच सांगतो. अशी भिंत नाशिकला हवीच. हरिहर, अंजनेरी, ब्रह्मगिरी, साल्हेर, धोडप, अलंग-मदन-कुलंग एवढं सगळं एका दिवसाच्या टप्प्यात असलेलं दुसरं शहर मला माहीत नाही. आणि आपल्या पोरांना पावसाळ्याचे चार महिने आणि उन्हाळ्याचे दोन महिने हात चालवायला जागा नाही. पण साखळी आली की सगळीकडे एकसारखं दुकान मांडते आणि गर्दी ओसरली की शटर ओढते, अशी भीतीही आहे. म्हणून प्रश्न असा की होकार देण्याआधी कंपनीला नेमकं काय विचारावं? कुणी अशा जिममध्ये नियमित जात असेल, काम केलं असेल, तर कृपया सविस्तर लिहा.

वाटाड्या
आधी भाडं किती धरलंय ते विचारा. बाकी सगळं त्यानंतर.

गोदाकाठ
छान विषय. वाचत राहीन. पार्किंगचं काय? गंगापूर रोडला असतं तर मी रोज गेले असते, अंबड लांब पडतं.

परतलेला_नाशिककर
मी बंगळुरूला नोकरीला असताना अशा जिमचा सदस्य होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, यात दोन प्रकार असतात आणि खर्चाचं गणित दोन्हींत पूर्ण वेगळं आहे. दोराच्या भिंतीला बारा-पंधरा मीटर उंची लागते. हार्नेस, दोर, बिले द्यायला (खालून दोर सांभाळून पडणाऱ्याला धरायला) शिकलेला जोडीदार किंवा हे काम आपोआप करणारं ऑटो-बिलेचं यंत्र लागतं. बोल्डरिंगची भिंत चार-साडेचार मीटरच असते. दोर नाही, हार्नेस नाही, खाली जाड मॅट आणि पायात क्लाइम्बिंग शूज. एकटा माणूस ऑफिस सुटल्यावर येतो, तासभर चढतो, घरी जातो. जगभर साखळ्या वाढल्या त्या मुख्यतः बोल्डरिंगमुळे. उंच इमारत शोधावी लागत नाही, नवख्याला पहिल्या दहा मिनिटांत भिंतीवर घेता येतं आणि माणसं कमी लागतात.

दुसरी गोष्ट, पहिल्या शाखेपेक्षा दुसरी शाखा स्वस्त पडते. होल्ड, म्हणजे भिंतीवर हातापायांसाठी बसवलेल्या पकडी, महाग असतात. ते एका शाखेतून काढून धुवून दुसऱ्या शाखेत लावता येतात. रूट, म्हणजे होल्डची चढायची वाट, लावणारे सेटर दोन्हीकडे फिरतात. सदस्यत्व एकच असलं की इंदिरानगरचा माणूस कामानिमित्त पुण्याला गेला तरी तिथे चढतो. साखळीचा खरा फायदा हा आहे.

तिसरी गोष्ट, पहिल्यांदा येणाऱ्यांवर जिम चालत नाही. वाढदिवसाची पार्टी, कंपनीची टीम आउटिंग हे सगळं येतं आणि जातं. महिन्याचं सदस्यत्व घेणारे लोक टिकले तरच भाडं निघतं. समजा महिना अडीच हजार रुपये फी आणि दोनशे सदस्य, तर पाच लाख जमा. त्यात भाडं, वीज, चार-पाच जणांचे पगार, होल्ड आणि मॅटची झीज. काढा हिशोब.

वाटाड्या
@परतलेला_नाशिककर, धन्यवाद, हेच हवं होतं. दोनशे सदस्य नाशिकला? रोजच्या जिमला हजार रुपये देताना लोक घासाघीस करतात.

परतलेला_नाशिककर
करतात. आणि तेच लोक सायकलवर लाख-दीड लाख घालतात. आपल्या शहराने सायकलिंग कसं उचलून धरलं ते आठवा. महाजन बंधूंनी २०१५ला रेस अॅक्रॉस अमेरिका ही लांब पल्ल्याची सायकल शर्यत पूर्ण केली आणि त्यानंतर पहाटे गंगापूर धरणाच्या रस्त्यावर सायकलींची रांग लागायला लागली. माणसं दिसली की माणसं येतात.

दोरखंड
धागा वाचला. मी जुन्या पिढीतला. थोडं स्पष्ट लिहितो, राग मानू नये.

आमच्या वेळी शिकायला भिंत नव्हती. संस्थेच्या शिबिरात जायचं, सीनियर मंडळी सांगतील तो कातळ, सांगतील तो दोर. आपला दगड बेसाल्ट. घसारा, हलणारे ब्लॉक, उन्हाने तापलेला माथा, उतरताना बोल्ट मारायला जागा आहे की नाही याचा अंदाज, हे सगळं तिथे शिकायचं. हरिहरचा सरळसोट कडा डग स्कॉट यांनी १९८६मध्ये चढला. १९७५ला एव्हरेस्टच्या नैर्ऋत्य भिंतीवरून माथा गाठलेला माणूस आपल्या त्र्यंबकच्या डोंगरात येतो आणि त्या कड्याला लोक अजून स्कॉटिश कडा म्हणतात. ही आपली परंपरा. एसी खोलीत रंगीत प्लास्टिकला लटकून गिर्यारोहक तयार होतो असं मला वाटत नाही. उलट जिममध्ये दोन महिने चढलेली मुलं आत्मविश्वासाने सुळक्यावर जातील आणि उतरताना अडकतील, ही माझी खरी काळजी आहे.

टाचणी_टाच
काका, तुमची काळजी मान्य. पण भिंतीवरचं क्लाइम्बिंग हा आता स्वतंत्र खेळ आहे, डोंगराची पूर्वतयारी एवढीच त्याची ओळख नाही. टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये तो पहिल्यांदा आला तेव्हा स्पीड (वेगाची शर्यत), बोल्डर आणि लीड (दोर अडकवत उंच चढणं) तिन्ही मिळून एकच पदक होतं. पॅरिसला २०२४मध्ये स्पीड वेगळा केला. लॉस एंजेलिसला २०२८मध्ये तिन्ही प्रकारांना स्वतंत्र पदकं आहेत. पॅरिसला पुरुषांचं स्पीडचं सुवर्ण कुणी नेलं? इंडोनेशियाच्या वेड्रिक लिओनार्दोने, पंधरा मीटरची भिंत ४.७५ सेकंदांत. स्पीडचा रूट जगभर एकच असतो, तेच होल्ड, त्याच जागा. म्हणजे नाशिकची मुलगी नाशिकमध्ये अगदी त्याच रूटवर सराव करू शकते, ज्यावर ऑलिम्पिक होतं. सगळ्या जगाची परीक्षा एकच आणि पेपर आधीच फुटलेला, असा दुसरा खेळ सांगा!

आणि महाराष्ट्राला हे नवीन नाही. बोल्डरिंगचा वर्ल्ड कप नवी मुंबईत २०१६ आणि २०१७ अशी दोन वर्षं झाला. वाशीला. गिरिविहार या गिर्यारोहण संस्थेच्या लोकांनी त्यासाठी घेतलेली मेहनत विसरून चालणार नाही. मी कॉलेजात होतो, बघायला गेलो होतो. जगातले सर्वोत्तम क्लाइंबर आपल्यापासून दहा फुटांवर आणि मागे मराठीत "चल चल चल, जमतंय!" असा ओरडा.

गोदाकाठ
पेपर फुटलेला 😄 हे आवडलं.

दोरखंड
@टाचणी_टाच, खेळ म्हणून वेगळा आहे हे मान्य. मग तसंच सांगा लोकांना. पाटीवर "पर्वतारोहण शिका" लिहू नका. माझा आक्षेप त्या पाटीला आहे.

कातळखूण
काका, ही अट मी टिपून ठेवली. धन्यवाद.

आईसाहेब_इंदिरानगर
माझा अनुभव पालकाचा. भावाकडे पुण्याला गेलो की लेकीला शिवाजीनगरच्या राजे शिवाजी वॉलवर नेतो, आता एका बोल्डरिंग जिमलाही जाते. ती अकरा वर्षांची. शाळेच्या मैदानावर कधी पुढे न येणारी मुलगी. धावायला नको, चेंडू अंगावर आला की डोळे मिटणार.

मागच्या खेपेला एक पिवळा रूट होता. मधला होल्ड तिच्या हाताला पोचत नव्हता. सगळी मोठी मुलं उडी मारून पकडत होती. ही खाली बसून बराच वेळ नुसती बघत राहिली. मग वर गेली, उजव्या पायाची टाच कमरेच्या वर एका कोपऱ्यात अडकवली, अंग त्या बाजूला झुकवलं आणि हात अलगद वर गेला. कुणी शिकवलं नव्हतं. खाली आली तेव्हा शेजारचा कॉलेजचा मुलगा म्हणाला, "ताई, ते परत दाखव ना." माझ्या लेकीला कुणीतरी ताई म्हणून काहीतरी विचारलं! अशी जागा नाशिकला असेल तर अंबड काय, मी सिन्नरलाही नेईन.

फक्त एक प्रश्न. तिची बोटं दुखतात अधूनमधून. काळजीचं आहे का?

हाडवैद्य_नाही_फिजिओ
@आईसाहेब, हो, लक्ष द्या. वाढीच्या वयात बोटांच्या हाडांची वाढीची टोकं अजून मऊ असतात. अगदी बारीक होल्डवर बोटं घट्ट मुडपून सतत जोर दिला तर तिथे इजा होते आणि ती नुसती "मुरगळली" म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही. मधल्या सांध्याशी दुखत असेल, दाबल्यावर जास्त दुखत असेल, तर चढणं थांबवा आणि हाताच्या डॉक्टरांना दाखवा. कॅम्पस बोर्ड (पाय न लावता नुसत्या हातांनी चढायच्या पट्ट्या), हँगबोर्डवर (बोटांनी लटकायच्या फळीवर) वजन लावून लटकणं हे प्रकार या वयात नकोतच. मोठे होल्ड, भरपूर पायांचं काम, वेगवेगळे रूट, हे चालेल.

मोठ्यांमध्ये बोटांच्या पुली (कंडरा हाडाशी धरून ठेवणारे पट्टे) दुखावतात, दुसऱ्या नंबरची पुली जास्त. आणि बोल्डरिंगमध्ये घोटा. मॅट जाड आहे म्हणून लोक कसेही पडतात. पडायचं कसं हे पहिल्या दिवशी शिकवलंच पाहिजे: दोन्ही पायांवर, गुडघे सैल, मागे गडगडत जायचं, हात मागे टेकायचे नाहीत. दोन मॅटच्या फटीत पाय गेला तर घोट्याचं काम तमाम. कंपनीला विचारायच्या प्रश्नांत हा घाला: मॅट सलग आहे की तुकड्यांची, आणि मुलांसाठी वेगळा प्रशिक्षक आहे का.

सातपूरचा_सुपरवायझर
शेडबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. माझं आयुष्य फॅब्रिकेशनमध्ये गेलंय.

भिंत शेडच्या कॉलमला टांगायची नाही. भिंतीला स्वतःचा पोलादी सांगाडा हवा, पायाही स्वतंत्र. माणूस दोरावर पडतो तेव्हा दोर अडकवलेल्या अँकरवर त्याच्या वजनाच्या कैक पट झटका येतो आणि तो दिवसभर येत राहतो. शेडचं डिझाइन वारा आणि पत्र्याचं वजन धरून केलेलं असतं, हा झटका त्यात धरलेला नसतो. यासाठी युरोपचं ईएन १२५७२ हे मानक आहे, त्यात दोराच्या भिंती, बोल्डरिंगच्या भिंती आणि होल्ड असे वेगवेगळे भाग आहेत. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र बघितल्याशिवाय सही करू नका. प्लायवुड साधारण अठरा मिलिमीटरचं, मागून टी-नट (होल्डचा बोल्ट ज्यात बसतो ते नट) ठोकलेले. ते नट सैल पडून गोल फिरायला लागले की मागून पोचायला जागा हवी. सांगाड्यामागे माणूस शिरेल एवढी वाट ठेवायला सांगा. हे नंतर होत नाही.

आणि पत्रा. मे महिन्यात अंबडच्या पत्र्याखाली दुपारी उभं राहून बघा. हाताला चॉक लावला तरी घाम सुटणार. पूर्ण एसी परवडणार नसेल तर पत्र्याखाली इन्सुलेशन, रिजवर (छपराच्या माथ्यावर) टर्बो व्हेंटिलेटर आणि मोठे पंखे. चॉक म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड, ती हवेत तरंगते. हवा खेळती नसेल तर सगळे खोकतील.

टाचणी_टाच
+१. आणि डिसेंबर-जानेवारीत मात्र नाशिकची थंडी भिंतीला वरदान. गार हवेत रबर आणि बोटं दोन्ही छान चिकटतात. निफाडच्या लोकांनी तर हिवाळ्यात आपल्या गावातच भिंत बांधावी.

निफाडी_द्राक्ष
आमच्याकडे हिवाळ्यात द्राक्षं सांभाळायची असतात भो, भिंतीवर चढायला वेळ कुठे 😀

भाऊसाहेब_पंचवटी
एक कडवट अनुभव. दुसऱ्या एका शहरात असताना मी अशाच एका जिमचं वर्षाचं सदस्यत्व एकरकमी घेतलं. "तीन महिने फुकट" वगैरे ऑफर होती. काही महिन्यांत रूट बदलणं बंद झालं. तेच लाल, तेच निळे. आधी प्रशिक्षक गेले, मग रिसेप्शनवरची मुलगी एकटीच सगळं बघायला लागली, आणि एका सोमवारी दाराला नोटीस. पैसे आजतागायत नाहीत. म्हणून माझी सूचना: वार्षिक फी एकदम घेणार असतील तर सावध. आणि रूट किती आठवड्यांनी बदलणार ते लेखी घ्या. रूट बदलायचे थांबले की समजायचं, आतून पैसे संपलेत.

परतलेला_नाशिककर
भाऊसाहेब, शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं. खर्च कापायचा तर पहिला हात सेटिंगवर पडतो, कारण भिंत तर दिसतेच आहे, होल्डही आहेत, नवख्याला काय कळतंय. पण रोज येणाऱ्याला दुसऱ्या आठवड्यात कळतं.

स्पॅनर_आणि_चॉक
सेटिंगचा विषय निघाला म्हणून गप्प राहवलं नाही. मी मूळचा सिडकोचा, सध्या पुण्यात सेटर म्हणून काम करतो. बाहेरून लोकांना वाटतं की आम्ही शिडीवर चढून रंगीत दगड ठोकतो.

आमचा दिवस असा: आधी एक भाग बंद करायचा, सगळे होल्ड उतरवायचे, ते धुवायला टाकायचे. चॉक आणि शूजचं रबर बसून होल्ड गुळगुळीत होतो, न धुता लावला तर रूटची काठिण्यपातळीच बदलते. मग कोरी भिंत. कोण येणार आहे ते डोक्यात धरायचं. संध्याकाळी साडेसातला ऑफिसातून दमून आलेली पहिल्या महिन्यातली बाई आणि तीन वर्षं चढणारा पोरगा एकाच भिंतीवर असतात. दोघांनाही काहीतरी कोडं मिळालं पाहिजे. रूट लावला की आम्हीच चढून बघतो. एकाला जमतं, बुटक्याला जमत नाही, मग चर्चा, मग इम्पॅक्ट ड्रायव्हर घेऊन परत वर. एखादा स्लोपर (धरायला कड नसलेला गोलसर होल्ड) नुसता पंधरा-वीस अंश फिरवला की अख्खी चाल बदलते. जिथे हात ओढून काम भागत होतं तिथे कंबर भिंतीला चिकटवावीच लागते. तो फरक बघायला मी दिवसभर उपाशी राहू शकतो. होल्ड फिरू नये म्हणून वर बारीक स्क्रू मारायचा, कडेला धारदार काही राहिलंय का हात फिरवून बघायचं, पडणारा माणूस कुठल्या होल्डवर आपटेल का ते बघायचं.

आता साखळीबद्दल. शाखा वाढल्या की मालकाला वाटतं, पुण्याची टीम महिन्यातून दोन दिवस नाशिकला पाठवू, भागेल. नाही भागत. आलेली टीम रात्रभर घाईत लावते आणि सकाळी निघून जाते. त्या रूटवर लोक कसे चढतात, कुठे अडकतात, कोण नाराज होऊन गेलं, हे तिला कधी दिसत नाही. ज्या शाखेत स्थानिक सेटर आहे तिथली भिंत त्या गावातल्या लोकांना ओळखते. @कातळखूण, एकच अट घालायची असेल तर ही घाला: नाशिकचे दोन मुलगे-मुली पहिल्या दिवसापासून पगारावर सेटिंग शिकायला घ्या. फुकट सदस्यत्वाच्या बदल्यात राबवून घ्यायचं नाही. पगारावर.

आईसाहेब_इंदिरानगर
काय सुंदर लिहिलंय दादा. लेकीला वाचून दाखवलं. म्हणाली, "म्हणजे तो पिवळा रूट कुणीतरी मुद्दाम तसा लावला होता?"

स्पॅनर_आणि_चॉक
हो! टाच अडकवायचा तो कोपरा कुणीतरी बुटक्या लोकांसाठी मुद्दामच ठेवला असणार. लेकीला शाबासकी सांगा.

अभ्यासू_देवळाली
थोडं मागे जाऊन. कृत्रिम भिंतीची गोष्ट विद्यापीठात सुरू झाली. इंग्लंडात लीड्स विद्यापीठात डॉन रॉबिन्सन या शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापकाने १९६४मध्ये एका कॉरिडॉरच्या भिंतीत दगड बसवले. अमेरिकेत पहिली व्यावसायिक इनडोअर जिम सिअॅटलला १९८७मध्ये. म्हणजे धंदा म्हणून हे वय चाळिशीच्या आत आहे. तिथे बरीच वर्षं एकेकट्या मालकांच्या जिम होत्या. मग एकत्रीकरण सुरू झालं. प्लॅनेट ग्रॅनाइट, अर्थ ट्रेक्स आणि मूव्हमेंट या तीन साखळ्या एका छत्राखाली आल्या आणि २०२१मध्ये सगळ्यांचं नाव मूव्हमेंट झालं.

पण दुसरा रस्ताही आहे आणि तो आपल्याला जास्त जवळचा वाटावा. जर्मनीत अल्पाइन क्लब आहे, स्थापना १८६९ची, सदस्य दहा लाखांहून जास्त. त्याच्या स्थानिक शाखा स्वतः भिंती चालवतात, देशभर दोनशेहून अधिक. म्युनिकच्या थालकिर्शेनची त्यांची भिंत जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. सदस्यांची संस्था, सदस्यांची भिंत. ज्या राज्यात साखर कारखाने, पतपेढ्या, दूध संघ सहकारावर उभे राहिले तिथे गिर्यारोहण संस्थांनी मिळून एक भिंत उभी करणं अशक्य का असावं? कंपनीच का हवी?

वाटाड्या
अध्यक्ष कोण होणार यावर पहिली तीन वर्षं जातील.

अभ्यासू_देवळाली
@वाटाड्या, जातील कदाचित. पण कंपनीने तीन वर्षांनी शटर ओढलं तर हातात काय राहील? संस्थेकडे भिंत तरी राहते.

भाऊसाहेब_पंचवटी
भिंत राहते, पण किल्ली कुणाकडे राहते? एका क्रीडासंकुलात मी स्वतः बघितलंय. छान उंच भिंत, खालून वरपर्यंत कबुतरं. किल्ली ज्यांच्याकडे ते फोन उचलत नाहीत. नुसती मालकी सार्वजनिक असून भागत नाही, रोज सकाळी दार उघडणारा पगारी माणूस लागतो. तो साखळीकडे असतो, एवढं मी त्यांच्या बाजूने म्हणेन. माझे पैसे बुडाले तरीही म्हणेन.

दोरखंड
अभ्यासू यांची कल्पना मनापासून आवडली. नाशिकमध्ये जुन्या संस्था आहेत, अनुभवी मंडळी आहेत. पण भाऊसाहेबही बरोबर आहेत. आमच्यातले बहुतेक नोकरी-धंदा सांभाळून रविवारी वेळ देतात. मंगळवारी दुपारी बिले तपासायला कोण थांबणार?

नवखी_४७
मी वाचक, पहिल्यांदाच लिहितेय. वय सत्तेचाळीस, वजन जास्त, गुडघे बरे. माझ्यासारखीने अशा जागी जावं का, की सगळी विशीतली मुलं असतात?

हाडवैद्य_नाही_फिजिओ
जरूर या. गुडघे बरे असतील तर सुरुवात दोराच्या भिंतीवर करा, बोल्डरिंगमधल्या रोजच्या उड्या नकोत. वरून दोर असला की पडणं म्हणजे नुसतं लटकणं. म्हणूनच माझं मत, नाशिकच्या शाखेत थोडी तरी दोराची भिंत हवीच. फक्त बोल्डरिंग ठेवलं तर तिशीच्या पुढचे आणि लहान मुलं दोन्ही कमी होतात.

परतलेला_नाशिककर
अनुमोदन. आणि ऑटो-बिले ठेवणार असतील तर एक गोष्ट बघा. यंत्र सहसा दगा देत नाही, माणूस क्लिप लावायलाच विसरतो आणि तसाच वर जातो. जगभरचे बरेचसे ऑटो-बिलेचे अपघात असेच झालेत. म्हणून चांगल्या जिममध्ये पायथ्याला मोठं त्रिकोणी रंगीत कापड लावलेलं असतं. ते बाजूला केल्याशिवाय रूट सुरूच करता येत नाही आणि ते बाजूला करताना क्लिप हातात येते. यंत्रही ठरावीक मुदतीने उत्पादकाकडून तपासून घ्यावं लागतं. शेवटच्या तपासणीची तारीख यंत्रावर लिहिलेली असते, ती वाचा.

गोदाकाठ
अवांतर: जिमच्या बाहेर मिसळ ठेवा. सदस्य दुप्पट.

निफाडी_द्राक्ष
मिसळ आधी की चढण आधी, यावर नवीन धागा काढा.

टाचणी_टाच
चढण आधी. दोन पाव जास्त जातात. 😄

आता मूळ मुद्दा. दोरखंड काका आणि अभ्यासू, दोन्ही गोष्टी एकत्र का होऊ नयेत? कंपनी रोजची जिम चालवेल. आठवड्यातला एक दिवस संस्थांसाठी. शिबिरात येणाऱ्या मुलांना कड्यावर नेण्याआधी गाठी, बिले, अँकर, रॅपलिंग भिंतीवर शिकवायचं. आज ती मुलं हे पहिल्यांदा थेट कड्याच्या काठावर शिकतात, वारा सुटलेला असतो, मागे वीस जणांची रांग असते. आणि जिममधून ज्याला डोंगरात जायचंय त्याने संस्थेच्या शिबिरातूनच जायचं. काकांची जी काळजी आहे, अर्धवट शिकलेलं पोर परस्पर सुळक्यावर जाण्याची, तिला दुसरा उपाय मला तरी दिसत नाही.

दोरखंड
हे झालं तर मी स्वतः त्या दिवशी येऊन उभा राहीन. गाठी तपासायला म्हाताऱ्याचे डोळे अजून चालतात. फक्त भिंतीचा एक तुकडा कातळासारखा ठेवा, होल्ड कमी, भेग जास्त. रंग बघून नाही, दगड बघून चढायची सवय लागली पाहिजे.

स्पॅनर_आणि_चॉक
काका, भेगेचे पॅनेल बनवता येतात, दोन प्लाय समांतर लावून. मी सुट्टीला आलो की लावून देईन.

कातळखूण
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. शेडमालकांशी परवा बोललो आणि हा धागा त्यांना वाचायला दिला. त्यांचा पहिला प्रश्न सुपरवायझर साहेबांसाठी होता: स्वतंत्र सांगाडा आणि पाया घालायचा तर शेडची फरशी फोडावी लागेल का, आणि तो खर्च कंपनीने करावा की जागामालकाने?

कंपनीला पाठवायचं पत्र मी लिहितोय. त्यात सर्वांत वर स्थानिक सेटर पगारावर, ही अट. ती मान्य नसेल तर पुढचं बोलायचंच नाही, असं माझं मत पक्कं झालंय. भिंत कुणीही बांधून देईल. पण ती दर काही आठवड्यांनी नव्याने जागी करणारी माणसं नाशिकची असली तरच दोनशे सदस्य टिकतील, आणि उद्या कंपनी गेली तरी ती माणसं इथे राहतील. मग अभ्यासू म्हणतात तशी संस्थेची भिंत उभी करायला आपल्याकडे हात असतील. त्याखाली रूट बदलण्याची मुदत लेखी, फी महिन्याची, थोडी तरी दोराची भिंत, सलग मॅट, मुलांसाठी वेगळा प्रशिक्षक, संस्थांसाठी एक दिवस, आणि काकांची पाटीची अट. शेडची उंची कागदावर नऊ मीटर आहे, म्हणजे पूर्ण स्पीड वॉल बसणार नाही. टाचणी_टाच, याचं वाईट वाटतं.

टाचणी_टाच
नऊ मीटरमध्ये स्पीडचा खालचा भाग तरी लावता येतो, सुरुवातीच्या चालींचा सराव होतो. पूर्ण पंधरा मीटरची भिंत बाहेर, शेडच्या मागे उघड्यावर होईल का ते बघा. पावसाळा सोडून वापरता येईल.

सातपूरचा_सुपरवायझर
फरशी फोडावीच लागेल, कॉलमच्या पायापासून अंतर ठेवून. खर्च कंपनीचा, पण खड्डा कुठे घ्यायचा ते मालकाच्या इंजिनिअरने ठरवायचं. हे करारात घाला, नाहीतर उद्या फरशी खचली की एकमेकांकडे बोट. आणि कागदावरची नऊ मीटर ट्रसच्या खालपर्यंत आहे की रिजपर्यंत? त्यात दीड मीटरचा फरक पडू शकतो. रविवारी सकाळी मी लेझर मीटर घेऊन येतो. मागची मोकळी जागाही मोजू.

कातळखूण
रविवारी नऊ वाजता या. पत्ता खाजगी निरोपात पाठवतोय. दोरखंड काका, तुम्हीही येणार असाल तर न्यायला येतो.

दोरखंड
येतो. गाडीत जागा असेल तर जुना दोरही घेऊन येतो, उंची दोन पद्धतींनी मोजू.